फ्रिजवरचा कागद

जुलै २०२४ मध्ये विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून एक बाई माझ्या घाटकोपरच्या आहार-सल्ल्याच्या क्लिनिकमध्ये आल्या. वय ४४, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७४.६ किलो, कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर. फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम. घरी नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. मूळ गाव मालवणकडचं. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना ताई म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

ताईंनी सोबत रिपोर्टांची जाडजूड फाईल आणली होती. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.१. हा आकडा ५.७ ते ६.४ मध्ये असला की मधुमेह अजून दारात उभा आहे, आत आलेला नाही, असं धरतात. हिमोग्लोबिन १०.४, बाईचं १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. बी-१२ सुद्धा कमी. थायरॉइड मात्र अगदी व्यवस्थित होतं आणि ताईंना त्याचंच थोडं वाईट वाटलेलं दिसलं. "थायरॉइड निघालं असतं तर निदान कारण तरी सापडलं असतं," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, निघाला ३१.५. आपल्या लोकांसाठी जे निकष लावतात त्यांत २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलपणा. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी. आपली हाडापेराची ठेवण बारीक आणि चरबी पोटाभोवती साठते, म्हणून गोऱ्या लोकांचे आकडे आपल्याला चालत नाहीत.

मी विचारलं, दिवसभरात काय खाता? त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं, बेरीज केली. जेमतेम १२५० कॅलरी. इतकं कमी खाऊन कुणाचं वजन ७४ वर टिकत नाही, हे मला कळत होतं. पण समोरचा माणूस खोटं बोलतोय असा याचा अर्थ नसतो. पोळ्या आठवतात, पोळ्या लाटता लाटता तोंडात टाकलेलं आठवत नाही. तिथे थांबून नीट खोदायला हवं होतं. बाहेर चार पेशंट बसले होते. मी छापील तक्ता काढला, त्यावर त्यांचं नाव घातलं आणि दिला.

तो तक्ता आता माझ्या समोर आहे, वाचताना लाज वाटते. सकाळी आठला ओट्स. साडेदहाला एक फळ आणि पाच बदाम. एकला दोन फुलके, भाजी, वाटीभर सॅलड. चारला ग्रीन टी. संध्याकाळी सातला सूप आणि भाजलेलं पनीर. एकूण १२०० कॅलरी. ताईंच्या शरीराला नुसतं पडून राहायला दिवसाला तेराशेच्या आसपास लागतात, म्हणजे मी त्यांना झोपून राहण्यापुरतंही खायला दिलं नव्हतं. बरं, सकाळी आठला ताई कुठे असतात? विक्रोळीहून सुटलेल्या स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्यात, कुर्ल्याच्या अलीकडे, एका हाताने वरची कडी धरून. आणि संध्याकाळी सातला? उलट दिशेने, त्याच कडीला.

सोळा दिवस त्यांनी तो तक्ता पाळला. घरच्यांचा स्वयंपाक करून वर स्वतःचा वेगळा केला. वजन १.८ किलोने उतरलं. अशा पहिल्या उतारात पाण्याचा वाटा मोठा असतो: खाणं एकदम कमी झालं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, वापरलं जातं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही बाहेर पडतं. काटा खूश होतो, चरबी जागची फारशी हलत नाही. सतराव्या दिवशी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. मग श्रावण, मग गणपती. ताई पुन्हा आल्याच नाहीत.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात आल्या. वजन ७५.४. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "मॅडम, तुमचा कागद मी फ्रिजवर लावला होता. फ्रिज बारीक झाला नाही."

दोघी हसलो. मग मी पेन खाली ठेवलं. "काय खाता" हा प्रश्न सोडला आणि पहाटे डोळे उघडतात तेव्हापासून विचारत गेले.

सव्वापाच ते अकरा

सव्वापाचला उठणं. चहा, दोन चमचे साखर, सोबत दोन खारी. चौघांचा स्वयंपाक, तीन डबे. पावणेआठला घराबाहेर, पोटात त्या खारीखेरीज काही नाही. शेअर रिक्षाने स्टेशन. सीएसएमटीला उतरून पुन्हा शेअर टॅक्सी, कारण पाय चालत नाहीत, हिमोग्लोबिन १०.४ असलेल्या बाईचे पाय चालत नाहीत हे तिचं आळसपण नव्हे. ऑफिसात दहाला चहा, साडेअकराला चहा. सव्वाएकला डबा: तीन पोळ्या आणि भाजी. भाजी बहुतेक वेळा बटाट्याची किंवा फ्लॉवर-बटाट्याची, कारण ती डब्यात सुकी राहते, बॅगेत तेल सांडत नाही. चारला चहा आणि त्यासोबत खालच्या गाडीवरचं काहीतरी. पाच जणींची वर्गणी असते, आज भजी, उद्या वडापाव. साडेसातला घरी. दारात चप्पल काढता काढता फरसाणाचा डबा, सोबत चहा. मग भाजी निवडायची राहिलेली नसते, ती लोकलमध्येच निवडून झालेली असते, थेट फोडणी. नवरा साडेनऊला येतो, मुलगा दहाला. सगळे मिळून जेवायला सव्वादहा. मग ओट्यावर उरलेलं: अर्धी पोळी, पळीभर भात, मुलाने ताटात टाकलेला बटाटा.

"ते तुम्ही खाता?"

"टाकवत नाही हो."

या उरल्यासुरल्याचं मोजमाप करायचं म्हणून मी त्यांना एक आठवडा एक डबा वेगळा ठेवायला सांगितलं. रात्री जे तोंडात जाणार होतं ते डब्यात टाकायचं आणि सकाळी वजन करायचं. रोजचं सरासरी दीडशे ग्रॅम निघालं, बहुतेक भात आणि पोळी. दोन-अडीचशे कॅलरी, आणि जेवण म्हणून तर ते कधी मोजलंच गेलं नव्हतं. पाच कप चहातली दहा चमचे साखर धरली तर आणखी दोनशे. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला २५ ग्रॅमच्या आत साखर ठेवा म्हणते, ताईंच्या चहातच ५० ग्रॅम होती. सगळं धरून रोजचा आकडा दोन हजारांच्या थोडा वर गेला. वजन टिकायला हवा तेवढाच. कोडं सुटलं, पण अर्धंच. नुसतं टिकायला हवं तर मग वाढत का होतं?

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. एरवी मी पेशंटच्या घरी जात नाही, पण विक्रोळीत माझं दुसरं काम होतं. स्वयंपाकघरात ओट्याखाली तेलाचा पाच लिटरचा डबा होता. तो किती दिवस जातो, असं विचारलं. सासूबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, सव्वीस दिवस. आमच्या धंद्यात हा हिशेब सगळ्यात भरवशाचा, कारण तेल कुणी आठवणीने कमी सांगत नाही. पाच लिटर तेल म्हणजे साधारण ४५५० ग्रॅम. चार माणसं, सव्वीस दिवस. माणशी रोज ४४ ग्रॅम, म्हणजे नुसत्या तेलातून चारशेच्या आसपास कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जी नवी आहार-मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दोन हजार कॅलरींच्या ताटाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. इथे त्याच्या दीडपटीहून जास्त होतं आणि तूप अजून मोजायचं बाकी होतं.

पण खरी गोष्ट भिंतीवर होती.

ऐंशी दिवस

नवं, २०२५ चं कॅलेंडर नुकतंच आलेलं होतं. मी सहज विचारलं, उपास किती करता? "मंगळवार. आणि संकष्टी." एवढंच? "आणि श्रावणी सोमवार. नवरात्र. आषाढी-कार्तिकी. महाशिवरात्र, हरतालिका, गोकुळाष्टमी." मी म्हटलं, मोजू या. ताई पानं उलटत गेल्या, मी रेघा मारत गेले. एकाच दिवशी दोन आले तर एक धरला. ऐंशी भरले. वर्षातला पाचवा भाग.

त्या दिवशी ताई काय खातात? माझ्या जुलैच्या कागदावर "उपास" असं लिहून मी पुढे गेले होते, जणू उपास म्हणजे रिकामं पोट. सकाळी साबुदाण्याची खिचडी उभ्याउभ्या थोडी, डब्यात भरपूर. एका मोठ्या ताटलीचा हिशेब तिथेच केला: ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, अर्धा बटाटा, एक मोठा चमचा तूप. साडेपाचशेच्या वर कॅलरी. त्यातली प्रथिनं जेमतेम सात ग्रॅम, आणि तीही साबुदाण्याची नव्हेत, दाण्यांची. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. तो म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च, गोळ्या करून वाळवलेला. खाल्ल्यावर साखर झपाट्याने वर जाते, दोन तासांत भूक परत येते. मग चारला बटाट्याचे वेफर्स, एखादी चिक्की, आणि चहाचे कप पाचाचे सहा. ताईंच्या मते "उपास आहे म्हणून चहा तरी". रात्री उपास सोडताना वरण-भात, भाजी, पोळी, काहीतरी गोड. एकूण सुमारे २३००, म्हणजे साध्या दिवसापेक्षा अडीचशेने जास्त, आणि प्रथिनं जेमतेम तीस ग्रॅम.

मुंबईत मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहिलं की आजूबाजूला हेच दिसतं, ताई काही जगावेगळ्या नाहीत. पण इथे एक गाठ होती आणि ती सुटायला मला आणखी थोडा वेळ लागला. ताईंच्या घरी बुधवार, शुक्रवार, रविवार मासे किंवा अंडी. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणूक, म्हणजे मासे-अंडी वर्ज्य. मंगळवार उपास. म्हणजे ज्या तीन दिवशी मासळी, त्या दिवशी प्रथिनं बरी. उरलेल्या चार दिवशी वरणाचं पाणी आणि बटाट्याची भाजी. ५५ किलोच्या बाईला, प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबाने, दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. वजन उतरवताना स्नायू झिजू नयेत म्हणून मी साठपर्यंत नेते. ताईंचे चार दिवस तीस ते अडतीसमध्ये जायचे. पोट भरायचं, पण ते टिकायचं नाही, म्हणून मग चार वाजता भजी आणि साडेसातला फरसाण. भजीचा दोष मी जुलैत ताईंच्या मनाच्या दुबळेपणाला दिला होता. तो दुपारच्या डब्याचा होता.

उपास सोडा, असं मी म्हटलं नाही. म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि म्हटलं असतं तर ताई तिसऱ्यांदा आल्या नसत्या. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उपासाआधी डॉक्टरांशी बोलावंच लागतं. ताईंना कुठलीही गोळी नव्हती.) मी एवढंच विचारलं, साबुदाणाच का?

उत्तर सासूबाईंनी दिलं. इतका वेळ त्या खुर्चीत बसून माझ्याकडे संशयाने बघत होत्या. जुलैतलं सूप त्यांनी पाहिलं होतं आणि "ह्येनां पोट भरता काय गो?" असं सुनेला विचारलंही होतं. आता म्हणाल्या, "आमच्या ल्हानपणी साबुदाणो खंय होतो? वरी आणि रताळी." बरोबरच आहे. टॅपिओका मुळात दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला, आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास साबुदाण्याचे कारखाने निघाले ते १९४० च्या दशकात. कोकणातल्या एका खेड्यात तो उशिराच पोहोचला असणार.

मग उपासाचं ताट सासूबाईंनीच लावलं. भगर, म्हणजे वरीच, आणि दाण्याची आमटी, आमटी दाट. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, त्यात किसलेली काकडी. उकडलेलं रताळं, सालासकट. वाटीभर दही, ताक. साबुदाणा पूर्ण बंद नाही, महिन्यातून एकदा संकष्टीला, कारण मुलाला आवडतो. राजगिऱ्यात शंभर ग्रॅममागे तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं असतात, भगरीतही साबुदाण्याहून कितीतरी बरी. शिवाय दोन्हींत चोथा आहे. उपासाचा दिवस तेवीसशेवरून सोळाशेच्या घरात आला, प्रथिनं पन्नासच्या जवळ, आणि देवाला कुणी काही कमी केलं नाही.

डबा

बाकीचे बदल भराभर सांगते, कारण त्यांत नवल नाही. नवल एवढंच की ते ताईंच्या वेळापत्रकाला चिकटले.

सगळ्यात आधी लोह आणि बी-१२. पाळीत रक्तस्राव जास्त होता म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं, गोळ्या त्यांनी दिल्या. मी फक्त जेवणाआधी-नंतरचा चहा तासभर लांबवला, कारण चहातली द्रव्यं लोह शोषू देत नाहीत, आणि भाजीवर लिंबू पिळायला सांगितलं. दोन महिन्यांनी ताई सीएसएमटीहून ऑफिसात चालत जाऊ लागल्या. मी सांगितलं म्हणून नव्हे, पाय चालू लागले म्हणून. जाता-येता मिळून पंचवीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. मधुमेह टाळण्याच्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, लोकांसमोर ध्येय होतं आठवड्याला दीडशे मिनिटं आणि सात टक्के वजन. ताईंची मिनिटं सव्वाशे भरत होती. मी ती दीडशे करायचा आग्रह धरला नाही.

तेलासाठी एक बरणी. रविवारी सकाळी त्यात ८०० मिली ओतायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत पुरवायचं. माणशी रोज २६ ग्रॅम पडतं. पहिल्या आठवड्यात गुरुवारीच बरणी रिकामी झाली. सासूबाईंनी तो अपमान मानला आणि दुसऱ्या आठवड्यात शनिवारी रात्री तळाशी दोन चमचे शिल्लक ठेवून दाखवले. तळलेल्या तुकडीऐवजी बांगड्याचं तिखलं होऊ लागलं. नारळाला मी हात लावला नाही. मालवणी घरातून वाटण काढलं तर मागे काय राहतं? कागदावर तेल आणि खोबरं सारखंच दिसतं, पण खोबऱ्याशिवायची आमटी या घरात कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नसती, आणि मग सगळे भाताकडे वळले असते.

सकाळी पावणेआठच्या आत उभ्याउभ्या खाता येईल असं काय? मासळीच्या वारी दोन उकडलेली अंडी. बाकी दिवशी मोड आलेल्या मुगाची धिरडी, पीठ रात्रीच वाटलेलं. खारी बंद झाली नाही, दोनाची एक झाली.

डब्याचा प्रश्न सॅलडमुळे अडला होता. चिरलेल्या काकडीला एकपर्यंत पाणी सुटतं, पोळ्या ओल्या होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी स्वतः डबा नेत नाही म्हणून मला माहीतही नव्हतं. उपाय ताईंचाच: काकडी अख्खी न्यायची, ऑफिसच्या पँट्रीत सुरी आहे. तीन पोळ्यांच्या दोन, आणि रिकाम्या जागी चवळी, मटकी किंवा वालाची उसळ, सुकीच, म्हणजे सांडत नाही. चारच्या वर्गणीतून बाहेर पडा, असं मी म्हणणार होते. ताईंनी मला गप्प केलं. "मॅडम, त्या पाच जणींत माझी वीस वर्षं गेली." त्यांनी काय केलं, तर सोमवार आणि गुरुवारची पाळी स्वतःकडे घेतली आणि त्या दिवशी स्टेशनबाहेरून गरम भाजलेले चणे आणू लागल्या. तीस ग्रॅम चण्यांत सहा-सात ग्रॅम प्रथिनं. बुधवारी वडापाव चालूच राहिला. तो चारशे चाळीस वेळा बंद करून चारशे एक्केचाळिसाव्यांदा खाण्यापेक्षा बुधवारी खाल्लेला बरा.

रात्रीच्या जेवणाने मला सगळ्यात जास्त छळलं. सातला जेवा, हे वाक्य लिहायला सोपं. पण सव्वादहाचं जेवण हे त्या घरातलं एकमेव वेळचं एकत्र बसणं होतं. शेवटी जेवणाचे दोन भाग केले. साडेसातला घरात शिरल्यावर फरसाणाऐवजी एक मोठी वाटी कुळथाची पिठी, पिठाचा हात सैल ठेवून केलेली, दाट. किंवा मुगाचं कढण. सोबत जी असेल ती भाजी. सव्वादहाला सगळ्यांबरोबर बसायचं, पण ताटात एक भाकरी किंवा छोटी वाटी भात आणि कालवण. कुळथात शंभर ग्रॅममागे बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि गावाहून दर मे महिन्यात चार किलो येतातच. ते माळ्यावर पडून राहायचे, कारण ताईंच्या मते पिठी हे "आजारी माणसाचं" जेवण. उरलेल्या अन्नासाठी ओट्यावर झाकणाचा डबा आला. सकाळी फोडणीची पोळी, आणि ती मुलाने खायची. हे मुलाला सांगायला ताईंना तीन आठवडे लागले.

काटा

डिसेंबर अखेर ७३.८. फेब्रुवारी अखेर ७१.९. मग सहा आठवडे काहीच नाही: ७१.९, ७१.६, ७१.८. ताई वैतागल्या, मीही. पुन्हा खोदलं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा सापडला. चणे प्रथिनांचे, मग दाणेही प्रथिनांचे, असा सरळ विचार. रोज साठ-सत्तर ग्रॅम जात होते, म्हणजे साडेतीनशे-चारशे कॅलरी. पौष्टिक आहेच. पण मूठ ही मूठच असावी लागते, आणि ते सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. डबा घरी गेला, ड्रॉवरमध्ये मूठभराची डबी आली.

मे महिन्यात गावी. आंबे, फणस, वडे-सागोती. परत आल्या तेव्हा ७२.३. याचा मी पाढा वाचला नाही. जुलैत ७०.१. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताजी मासळी महाग आणि बर्फातली, घरात सुकट आणि जवळा चालतो. त्यातलं मीठ डोक्यात ठेवून आम्ही ते आधी पाण्यातून काढायचं ठरवलं आणि अंडी वाढवली. गणपतीत पंधरवड्याभरात एक किलो वर, नवरात्र संपताना तो परत खाली.

ऑक्टोबर २०२५ ला वजन ६८.७. नोव्हेंबरपासून ६.७ किलो, म्हणजे जवळपास नऊ टक्के. कंबर ८८. हिमोग्लोबिन १२.१. एचबीएवनसी ५.७, अगदी उंबरठ्यावर. आत म्हणा की बाहेर. बीएमआय २९, म्हणजे आपल्या निकषांनी त्या अजून स्थूलच आहेत. इथे काही जण निराश होतात. मला तो कंबरेचा आठ सेंटिमीटरचा फरक जास्त मोलाचा वाटतो. ताईंना त्याहून मोलाचं वाटतं ते दादरला पूल चढताना आता मध्ये थांबावं लागत नाही हे.

झोपेचं मात्र मला काही करता आलं नाही. ताई जेमतेम पाच तास झोपतात. बारानंतर आडवं होणं आणि सव्वापाचला उठणं यात आहाराचा कुठलाच तक्ता शिरत नाही, आणि कमी झोपेने भूक वाढते हे माहीत असून उपयोग नाही. जेवणानंतरची भांडी दुसऱ्या कुणी घासली तर पाऊण तास मिळेल, असं मी एकदा नवऱ्यासमोर म्हणून पाहिलं. ते हसले. पुढच्या खेपेला आले नाहीत.

त्यांच्याऐवजी सासूबाई आल्या होत्या. काट्यावर उभ्या राहून स्वतःचा आकडा पाहिला, दोन किलो कमी, आणि "तेलाचा" एवढंच बोलून उतरल्या. ताईंच्या पिशवीत २०२६ चं कॅलेंडर गुंडाळून ठेवलेलं होतं, सीएसएमटीला घेतलेलं. त्यांनी ते माझ्या टेबलावर उलगडून ज्येष्ठावर बोट ठेवलं.

"पुढल्या वर्षी अधिक महिना आलाय, मॅडम. एक संकष्टी जास्त. भगर आताच भरून ठेवते."